फ्रिजला घाम फुटतो तेव्हा आधी कूलर बघा

दारातूनच बर्फ आणि गार पाणी देणारे मोठे फ्रिज आता नागपुरातल्या अनेक घरांत आले आहेत आणि त्यांच्यासोबत एक प्रश्नही वारंवार विचारला जाऊ लागला आहे. डिस्पेन्सरच्या खोबणीत, तिच्या कडांवर, कधी तर खालच्या दारावर ओघळ उतरेपर्यंत पाणी साचतं. ते येतं कुठून? विचारणाऱ्याने बहुधा दोनपैकी एक उत्तर मनाशी ठरवलेलं असतं: आतली नळी फुटली असावी किंवा गॅस कमी झाला असावा. मग मेकॅनिक येतो, काहीतरी बदलतो, पैसे घेतो आणि आठवड्याने पाणी पुन्हा दिसतं. बहुतेक घरांत हे पाणी फ्रिजच्या आतलं नसतंच. ते स्वयंपाकघरातल्या हवेतलं असतं आणि गार पृष्ठभाग सापडला म्हणून तिथे उतरलेलं असतं. तेव्हा तपासणी खोलीपासून सुरू करा, मग खोबणीकडे या आणि फ्रिजच्या पोटात शिरण्याची वेळ सगळ्यात शेवटी येऊ द्या. हा क्रम पाळला तर बरेचदा मेकॅनिकला बोलवावं लागत नाही, आणि बोलवावंच लागलं तर तक्रार कशाची करायची हे तुम्हाला नेमकं सांगता येतं.

हवेत पाणी किती आहे, यावर सगळं ठरतं

हवा एका ठरावीक तापमानाच्या खाली गार झाली की तिच्यातली वाफ थेंब होऊन बसते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. सिद्धांत एवढाच पुरे. आता तो नागपूरच्या वर्षावर ठेवून पाहू. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण ११ अंश येतो. म्हणजे फ्रिजचं दार ११ अंशांच्या खाली गेल्याशिवाय त्यावर एक थेंबही बसणार नाही, आणि धड अवस्थेतल्या फ्रिजचं दार बाहेरून इतकं गार कधीच होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांवर येऊन बसतो. आता खोबणीचा पृष्ठभाग खोलीपेक्षा नुसता चार अंशांनी गार असला तरी तिथे पाणी सुटणार. डिसेंबरात, २४ अंश आणि ५० टक्क्यांच्या हवेत, दवबिंदू पुन्हा १३ च्या आसपास उतरतो.

यातून निदानाची एक साधी पद्धत हाती येते आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. पाऊस लागल्यावर सुरू झालेलं आणि कोजागिरीनंतर आपोआप थांबलेलं पाणी हवेचं आहे. डिसेंबरातही खोबण ओली राहत असेल तर दोष फ्रिजमध्ये आहे. त्या दिवसांत थेंब बसायला पृष्ठभाग खोलीपेक्षा दहा-अकरा अंशांनी गार व्हावा लागतो, आणि आतली थंडी बाहेर निसटल्याशिवाय ते होत नाही. काही शे रुपयांत मिळणारं आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ फ्रिजशेजारी ठेवलंत तर हाच अंदाज आकड्यांत मिळतो. पुढे तक्रार करायची वेळ आली तर त्याचा कसा उपयोग होतो, ते शेवटी येईलच.

मग उन्हाळ्यात पाणी का?

इथे नागपूरकर हमखास हरकत घेतात: आमच्याकडे तर ऐन नवतप्यातही खोबण ओली असते, मग हवेचा हिशेब कसा लागू पडतो? पडतो, आणि त्याचं उत्तर खिडकीतल्या कूलरमध्ये आहे. कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. बाहेरची ४३ अंशांची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आत येते तेव्हा खोलीत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता सहज होते. त्या हवेचा दवबिंदू २४ अंश येतो, जवळजवळ श्रावणातल्याइतका. घराबाहेर मे महिना असतो, पण फ्रिजपुरता खोलीत पावसाळा सुरू झालेला असतो. एसी लावलेल्या खोलीत, समजा २६ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १५ च्या आसपास राहतो. शेजारच्या घरातला तसाच फ्रिज कोरडा आणि तुमचा ओला, असं का होतं, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

यावर दुसरी हरकत अशी येते की उन्हाळ्यात फ्रिजलाही गारवा हवा, म्हणून कूलरचा झोत मुद्दाम त्याच्यावर सोडलेला बरा. यात अर्धं तथ्य आहे. फ्रिज आतली उष्णता बाजूच्या किंवा मागच्या नळ्यांमधून बाहेर टाकतो आणि भोवतालची हवा गार असेल तर त्याचं काम हलकं होतं. पण कूलरचा झोत समोरच्या दारावर लागला तर नळ्यांना त्याचा फायदा फारसा मिळत नाही, खोबण मात्र भिजते. नळ्यांना हवी असते खेळती हवा. पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढं अंतर, साधारण ५ ते १० सेंटिमीटर, मागे आणि दोन्ही बाजूंना मोकळं ठेवा. मॉड्युलर किचनच्या कप्प्यात फ्रिज घट्ट बसवण्याची पद्धत पडली आहे. ती दिसायला छान असली तरी फ्रिजला घातकच आहे.

कूलर बंद करा, असा सल्ला नागपुरात देणं निरर्थक आहे. करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत:

- कूलर खिडकीबाहेर ठेवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा घेईल. खोलीतलीच हवा फिरवणारा कूलर तासाभरात खोली कोंदट करतो.
- आलेली हवा बाहेर जायला समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा.
- झोत फ्रिजच्या दारावरून वळवा. जागा बदलणं शक्य असेल तर फ्रिज कूलरच्या रेषेतून बाजूला घ्या.
- रात्री बाहेरचा पारा उतरला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

एक गोष्ट ओलाव्याइतकीच निकडीची आहे. ओली फरशी, धातूचा कूलर आणि फ्रिज एकाच खोलीत असतील तर थ्री-पिन सॉकेटचं अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. कूलरमुळे शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतच असतात.

हवेचं पाणी की नळीचं?

खोलीचा बंदोबस्त करूनही पाणी राहिलं तर त्याचा उगम शोधायचा. एका दुपारी, डिस्पेन्सर चार तास कुणीही वापरणार नाही अशी व्यवस्था करून, पुढची तपासणी करा.

१. खोबण, कडा आणि तबक कोरड्या सुती कपड्याने पूर्ण पुसा. तबकात कागदी रुमालाची घडी ठेवा.
२. चार तासांनी बघा. सपाट पृष्ठभागावर बारीक मोत्यांसारखे थेंब असतील तर ते हवेचं पाणी. पृष्ठभाग कोरडा आणि घडी मात्र भिजलेली असेल तर पाणी तोटीतून ठिबकलेलं आहे.
३. टॉर्चच्या उजेडात बर्फाच्या वाटेकडे खालून वर बघा. त्या वाटेवरची झडप पूर्ण मिटलेली दिसते का? तिच्या कडेवर भुरा बर्फ आहे का?
४. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती सहज सुटून आली तर त्या ठिकाणी रबर बसत नाही.

पाणी तोटीतून ठिबकत असेल, तर पाणी घेतल्यावर लगेच पडणारे दोन-चार थेंब काळजीचे नाहीत. तासन्तास ठिबकत राहिलं तर मात्र आपल्याकडचं एक खास कारण आधी तपासा: पाण्याचा दाब. थेट नळजोडणीच्या फ्रिजमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो नीट मिटायला मागून पाण्याचा रेटा लागतो. बऱ्याच पुस्तिकांत किमान दाब सुमारे १.४ बार किंवा त्याहून जास्त दिलेला असतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीने जेमतेम एक बार दाब मिळतो. दोन मजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्यावर येणारं पाणी ०.६-०.७ बारच्या पुढे जात नाही. आरओ यंत्राच्या टाकीतून नळी काढली असेल तर दाब आणखी कमी. मग व्हॉल्व्ह अर्धवट मिटतो, तोटी ठिबकते आणि बर्फाचे खडे पोकळ होतात. अशा घरात व्हॉल्व्ह बदलून काही होत नाही. छोटा दाबपंप लावावा लागतो. बोअरवेलचं जड पाणी जोडलं असेल तर व्हॉल्व्हच्या जाळीवर क्षार बसतात, म्हणून फिल्टर वेळेवर बदला. नळजोडणी नसलेल्या, दारातल्या टाकीत हाताने पाणी भरायच्या फ्रिजमध्ये ती टाकी पुन्हा नीट दाबून बसवा. अर्धवट बसलेली टाकी हेच तिथलं नेहमीचं कारण.

झडपेत अडकलेला एक खडा

खरा दोष असेल तर तो बहुतेकदा झडपेत सापडतो, म्हणून इथे थोडं थांबू. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास थंडी असते आणि बर्फाची वाट म्हणजे त्या थंडीला दारात पाडलेलं भोक. ते भोक मिटतं एका रबरी कडेच्या झडपेने. तुम्ही पेला टेकवता तेव्हा झडप उघडते, बर्फ घसरतो आणि शेवटचा खडाही पडावा म्हणून पेला काढल्यावरही ती काही सेकंद उघडी राहते. या वेळात एखादा तुकडा किंवा बर्फाचा चुरा कडेवर अडकला की झडप किंचित उघडी राहते. फट नखाएवढी असली तरी पुरते. गार हवा जड असल्याने ती त्या फटीतून सतत खाली सांडते, खोबणीचं प्लास्टिक गार पडतं आणि पाणी सुटतं. दुसऱ्या बाजूने खोलीतली दमट हवा वर शिरते, वाटेत भुरा बर्फ धरते आणि झडपेला आणखी अडवते. म्हणून हा बिघाड आपोआप बरा होत नाही, उलट वाढत जातो. आतल्या डब्यातले खडे एकमेकांना चिकटून ढेकूळ होत असेल तर ती या फटीचीच खूण समजा.

फट आहे की नाही याची खात्री उदबत्तीने करता येते. पंखा-कूलर बंद करून पेटती उदबत्ती झडपेखाली, रबरापासून चार बोटं दूर धरा. धूर सरळ वर चढला तर झडप मिटलेली आहे. तो खाली दाबला गेला तर वरून गार हवा येते आहे.

साफ करताना फ्रिजचा प्लग काढा, बर्फाचा डबा बाहेर घ्या आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं झडपेच्या कडेवर दाबून धरा, भुरा बर्फ वितळेपर्यंत. मग कड पूर्ण कोरडी करा आणि बोटाने झडप दोन-तीनदा उघडून-मिटून बघा. सुरी, चमचा, स्क्रूड्रायव्हर यांनी बर्फ खरवडू नका. रबराला एक चीर गेली की झडपच बदलावी लागते. खोबणीवर गरम पाणी ओतू नका, तिच्या मागे विजेच्या तारा आहेत. स्वच्छ करूनही झडप मिटत नसेल तर तिची स्प्रिंग, रबर किंवा तिला हलवणारी मोटर गेली आहे आणि आता मेकॅनिकला बोलावणं योग्य ठरेल. त्याला ‘फ्रिजला पाणी सुटतं’ असं सांगू नका. ‘डिस्पेन्सरची झडप पूर्ण मिटत नाही’ असं सांगा.

दारातला हीटर आणि वीज वाचवण्याचं बटण

झडप धड आहे, तरी खोबण गारच लागते, असंही होतं. फ्रिजच्या चौकटीभोवती घाम फुटू नये म्हणून कंपन्या गरम गॅसची नळी चौकटीतून फिरवतात. दोन दारांमधली पट्टी कोमट लागते ती म्हणून, तो बिघाड नाही. पण दार बिजागरीवर फिरतं, त्यात अशी नळी नेता येत नाही. शिवाय खोबणीसाठी दार आतून कोरलेलं असतं, त्यामुळे तिथला फोम उरलेल्या दारापेक्षा पातळ असतो. ही उणीव भरून काढायला अनेक मॉडेलांत खोबणीमागे छोटा विजेचा हीटर असतो. त्याची तार बिजागरीतून येते आणि वर्षानुवर्षं दार उघडझाप करून ती तुटू शकते. हीटर बंद पडला तर आतला गारवा जराही बिघडत नाही, फक्त खोबण ओली राहते. म्हणूनच ‘फ्रिज तर व्यवस्थित चालतोय’ असं म्हणून तंत्रज्ञ निघून जातो. बिजागरीवरचं झाकण उघडून तारेची आणि हीटरची मीटरने तपासणी करा, असं त्याला स्पष्टपणे सांगा.

त्याआधी मात्र पुस्तिका उघडा. काही मॉडेलांत वीज वाचवण्याचं बटण असतं आणि ते दाबल्यावर हाच हीटर बंद होतो. उन्हाळ्याचं बिल कमी करायला कुणीतरी ते दाबलेलं असतं आणि पावसाळ्यात आठवत नाही. ते बंद करून चोवीस तास थांबा. विजेचं काय, असं कुणी विचारेल. हीटर थोडी वीज खातो हे खरं. पण तो कोरड्या महिन्यांत बंद आणि दमट महिन्यांत चालू, असं वापरणं हाच त्या बटणाचा उद्देश आहे.

गॅस भरून घेऊ नका

फ्रिज आत नीट गार करत असेल आणि फक्त खोबण ओली असेल तर गॅस भरायचं कारण नाही. गॅस कमी झाला तर फ्रिज आत गार करायचा थांबतो. दारावर दव धरण्याशी त्याचा संबंध लागत नाही. गॅस भरायचा सल्ला कुणी दिला तर फ्रीजरचं तापमान मोजून दाखवायला सांगा. तसंच ‘थंडी वाढवून बघा’ हेही ऐकू नका. फ्रीजर आणखी गार केलात की खोबणही आणखी गार होते. फ्रिजच्या दारावर कापडी किंवा प्लास्टिकचं कव्हर टाकलं असेल तर काढा, त्याखाली ओल कोंडते आणि काळी बुरशी धरते.

पावसाळ्यात बर्फ लागतो तरी किती? पन्हं, ताक आणि उसाच्या रसाचे दिवस सरले की पोळा-मारबतीपर्यंत बर्फ बनवणं बंद ठेवणं हा माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय आहे. बर्फाचं बटण बंद करा, डबा रिकामा करून कोरडा करा, झडप मिटल्याची खात्री करा आणि खोबण दिवसातून एकदा पुसा. पावसाळ्यात फिकट धुक्यासारखा थर दिसला तर तो सहन करण्याजोगा आहे. ओघळ फरशीवर येत असतील तर नाही.

कंपनी ‘हे नॉर्मल आहे’ म्हणाली तर

दमट हवेत थोडं दव धरणं सामान्य आहे असं पुस्तिकांमध्ये लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण या वाक्याचा आधार घेऊन प्रत्येक तक्रार परतवता येत नाही. फ्रिजसाठी हवामानाचे वर्ग ठरलेले आहेत; ‘टी’ म्हणजे उष्ण कटिबंधाचा वर्ग, १६ ते ४३ अंशांसाठी, आणि तो फ्रिजवरच्या पट्टीवर छापलेला असतो. फ्रिजला बाहेरून पाणी सुटतं का, याची दमट हवेतली चाचणीही आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. अशा हवेसाठी म्हणून विकलेल्या फ्रिजची झडप मिटत नसेल किंवा हीटर चालत नसेल, तर त्याचं खापर नागपूरच्या हवेवर फोडता येणार नाही.

वॉरंटीच्या बाबतीत दोन ठिकाणी ग्राहक फसतो. जाहिरातीतली दहा वर्षांची हमी कॉम्प्रेसरची असते. झडप, हीटर, व्हॉल्व्ह यांना बहुधा एकच वर्ष मिळतं, आणि रबर-प्लास्टिकचे भाग दुकानदाराच्या वाढीव वॉरंटीतून अनेकदा वगळलेले असतात. दुसरं, वर्षभराच्या वॉरंटीत पावसाळा एकदाच येतो. मार्चमध्ये उन्हाळ्यासाठी घेतलेला असो की धनत्रयोदशीला, त्या एका पावसाळ्यातच खोबण तपासा आणि तक्रार लेखी नोंदवा. फोनवर सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही. ओल्या खोबणीचा फोटो काढा आणि त्यात शेजारी आर्द्रतेचं घड्याळ दिसू द्या. आर्द्रता कमी असतानाही पाणी दिसतं आहे, हा पुरावा ‘हवाच दमट आहे’ या उत्तरावर पुरेसा आहे. तंत्रज्ञ येऊन गेला की जॉब शीट मागून घ्या, आणि ‘दोष नाही’ असं लिहिलं असेल तर त्याने काय काय तपासलं तेही त्यावर लिहायला लावा.

कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. तिथे समेटाचा प्रयत्न होतो, आदेश निघत नाही. आदेश हवा असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं. त्यासाठी एवढं लक्षात ठेवा:

- तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. फ्रिज सीताबर्डीतल्या दुकानातून घेतलेला असो की ऑनलाइन, नागपूरचा आयोग चालतो.
- वस्तूसाठी मोजलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते.
- विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही.
- दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत करणं किंवा नुकसानभरपाई, यांपैकी काय हवं ते स्पष्ट लिहा.
- दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो.

तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत आयोगाकडे जावं लागतं. ही मुदत वॉरंटीपेक्षा वेगळी आहे. वॉरंटीच्या काळात नोंदवलेली आणि ‘नॉर्मल’ म्हणून परतवलेली तक्रार वॉरंटी संपल्यानंतरही आयोगापुढे मांडता येते, म्हणून पहिल्या पावसाळ्यातली जॉब शीट बिलासोबत जपून ठेवा.